बाळातला ळ

कल्पना करा, तुम्हाला ‘माळ’ हा शब्द लिहायचा आहे आणि हाताशी फक्त इंग्रजीची सव्वीस अक्षरं आहेत. कागद घ्या, लिहून बघा. मग तो कागद अशा माणसाला वाचायला द्या, ज्यानं वडूजचा माळ कधी पाहिलेलाच नाही.

अंजनानं १९९९ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच केलं.

साताऱ्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून ती वडूजच्या स्टँडजवळ नाथाजीकाकांच्या डीटीपीच्या दुकानात लागली होती. लग्नपत्रिका, वास्तुशांत, पुण्यस्मरण. मजकूर ठरलेला, फक्त नावं बदलायची. सहा महिन्यांत बोटं अशी सरावली की, डोकं घरी ठेवून आलं तरी चाललं असतं. तिला त्याचीच भीती वाटायला लागली. म्हणून एक पत्रिका संपली की ती दुसऱ्या फाईलमध्ये स्वतःच्या दोन ओळी टाईप करायची. असं करत करत एक लेख झाला: ‘आमचा माळ’. गावाबाहेरची कुसळं, दगडगोटे, आई बनुबाई तिथून आणते ते सरपण. त्यातलं एक वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं होतं. ‘माळ कुणाच्याच नावावर नाही, म्हणून तो आमचा.’

अमेरिकेतली मराठी मंडळी इंटरनेटवर एक मासिक चालवतात आणि कुणाचंही लेखन घेतात, हे तिला कोर्समधल्या मैत्रिणीकडून कळलं होतं. फ्लॉपी घेऊन ती एसटीनं साताऱ्याला गेली. तिथल्या सायबर कॅफेत फाईल उघडली, तर पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. दुकानातला मराठी फॉन्ट त्या मशीनवर नव्हता.

“फॉन्ट टाकू का?” तिनं कॅफेवाल्याला विचारलं.

“नको, बाई. मागं एकानं गाणी टाकली, तर आठ दिवस मशीन बंद होतं.”

मग तिनं तिथंच बसून, वेळ संपायच्या आत, सगळा लेख आठवून आठवून इंग्रजी अक्षरांत उतरवला. माळ म्हणजे एम, ए, एल. दुसरं करणार काय?

पंधरा दिवसांनी लेख मासिकात आला. संपादकांनी तो मराठीत टाईप करून पानावर चढवला होता. सोबत पत्र होतं: ‘छान लिहिता. शीर्षकात शेवटचं एक अक्षर राहून गेलं होतं, ते घातलं आहे.’

शीर्षक होतं, ‘आमचा मळा’.

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मळा. कुसळं होती, दगड होते, सरपण होतं. पण ते सगळं आता दुष्काळात वाळलेल्या एका मळ्यात होतं. आणि ते वाक्य नव्हतंच. कुणाच्याच नावावर नसलेला मळा कसा असेल? संपादकांनी ते गाळलं होतं.

अंजनानं प्रिंट काढून आणली ती काकांना चूक दाखवायला. काकांनी नाव तेवढं वाचलं आणि कागद काचेला चिकटवला.

“आपल्या दुकानाची पोरगी अमेरिकेत छापून आली. ऱ्हाऊ दे तितंच.”

“काका, चुकलंय ते.”

“आगं, काना-मात्रेचं काय घेऊन बसलीस?”

दुसऱ्या दिवशी कोंडीबा आबा नातवाच्या जावळाची पत्रिका करायला आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी काचेवरचा कागद सावकाश वाचला. बनुबाई गेली वीस वर्षं त्यांच्याच मळ्यात भांगलायला, तण काढायला, जात होती.

“ह्यो मळा कुठला म्हनायचा, पोरी? गट नंबर काय?”

“आबा, ते माळ हाय. तिकडं चुकीचं टाईप झालंय.”

“असू दे, असू दे. कागदावर तरी झाला म्हनायचा.”

काका हसले. अंजनानं मान खाली घालून जावळाच्या पत्रिकेत नावं बदलली.

संध्याकाळी आईला कळलं होतंच. चुलीपाशी बसून ती म्हणाली, “मळा हाय म्हनं आपला. मला बी दाव की एकदा. उद्या आबाकडं जायाच्या ऐवजी तितंच भांगलीन.”

“आई, मी तसं लिवलं न्हाई.”

“मग कुनी लिवलं? नाव तर तुझंच हाय.”

तिकडं मासिकाचे वाचक पत्रं धाडत होते. एकानं मळ्याला लवकर पाणी येवो म्हणून प्रार्थना केली होती. एका बाईंनी मळ्याचा फोटो मागितला होता. संपादकांना मळ्याचाच दुसरा भाग हवा होता.

रविवारी ती पुन्हा साताऱ्याला गेली आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ‘तो मळा नाही. म ला काना, आणि बाळातला ळ. माळ. आमच्याकडं मळा नाही. गाळलेलं वाक्य परत घाला.’

उत्तर नम्र होतं. मराठी अक्षरं सगळ्यांच्या मशीनवर दिसत नाहीत, म्हणून पूर्ण पानाचं चित्र करून चढवावं लागतं. एका शब्दासाठी सगळं पुन्हा करणं अवघड. शिवाय लेख वाचकांना आवडला आहे. दुसरा भाग महिनाअखेरीपर्यंत पाठवावा.

तिनं दुसरा भाग लिहायला घेतला. माळाचं लिहिलं, तर वाचणारे म्हणतील, मळा कुठं गेला? मळ्याचं लिहिलं, तर आईला कसं दाखवायचं? चार दिवस पडद्यावर फक्त शीर्षकाची रिकामी जागा होती. पाचव्या दिवशी तिनं नाथाजीकाकांना विचारलं,

“काका, आपन पत्रिकेत नाव चुकवलं, तर मानूस कागद घिऊन दारात येतो आनि आपन दुसरी छापून देतो. तिकडं किती जनांनी वाचलं, ते कोन, कुठं ऱ्हातात, कायच म्हाईत न्हाई. मग मी कुनाच्या दारात जायाचं?”