फोनवरचा हिरो

मुलगा इंजिनिअरिंगला कराडच्या पुढच्या एका कॉलेजात गेला, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मागे राहिलो मी आणि त्याचा व्हिडिओ गेम. गेम त्याच्या मामाने मस्कतहून आणलेला. हॉस्टेलवर नेऊन काय करणार, म्हणून त्याने तो पुसून शोकेसमध्ये ठेवला आणि मला बजावलं, "आई, हात लावू नकोस, वायर नाजूक आहे." मी आठव्या दिवशी हात लावला.

मिस्टर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी मला कल्याणच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून घेतलं होतं. संध्याकाळी सहाला घरी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंड उघडायचं काही कारण नसायचं. दूधवाल्याला "अर्धा" म्हणायचं, बस. एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे तर थट्टाच. मुलगा असताना मी सतत ओरडत असायचे, आवाज कमी कर, अभ्यासाला बस. आता ओरडायला घरात कोणी नव्हतं आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

गेम होता एका सुपरहिरोचा. दिवसा तो पोस्टात कारकून, आणि संध्याकाळी निळा मुखवटा आणि पाठीवर निळं फडकं. शहरातले सगळे दिवे मुखवटेवाल्यांच्या टोळीने पळवलेले. याने गल्लोगल्ली फिरायचं, माणसांना भेटायचं, विचारपूस करायची, मारामारी करायची आणि एकेक दिवा परत आणायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी पडद्यावर गोष्ट यायची, इंग्रजीत. टायपिंगमुळे मला इंग्रजी वाचायची सवय होती, अर्थ लागेलच असं नाही. डिक्शनरी घेऊन बसायचे. माझी दहाही बोटं झरझर चालायची, पण इथे काम दोन अंगठ्यांचं, आणि टायपिस्टच्या अंगठ्याला दोन शब्दांमध्ये जागा सोडण्यापलीकडे काही येत नाही. हिरो पहिल्या गल्लीत बारा वेळा मेला. पण कारकून होता बिचारा, मला आपला वाटला.

घरी फोन नव्हता. नंबर लावून चार वर्षं झाली होती. तळमजल्यावरच्या काकूंचा नंबर आम्ही पी.पी. म्हणून नातेवाइकांना दिला होता. रविवारी दहा वाजता मुलाचा फोन यायचा आणि काकू जिन्यातून हाक मारायच्या, "अगं, ये लवकर, कराड!" मी धावत खाली जायचे. फोन त्यांच्या दिवाणखान्यात. काका पेपर घेऊन बसलेले, सून मटार सोलत असलेली, काकू माझ्या शेजारीच. मला नीट ऐकू यावं म्हणून ते टीव्हीचा आवाज बंद करायचे, त्यामुळे खोलीत ऐकण्यासारखं तेवढंच उरायचं. प्रेमळ माणसं होती. पण त्यांच्यादेखत मी मुलाला विचारणार काय? जेवलास का, कपडे धुतोस का, पैसे पुरतात का. तोही "हो" म्हणायचा, तिन्हीला एकच.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याचा आवाज मला बरा वाटला नाही. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही." मग म्हणाला, "आई, इथे मुखवटेवाले खूप आहेत."

मला क्षणभर कळलंच नाही, आणि मग एकदम कळलं. सीनियर पोरं त्रास देत होती, आणि तीच त्याच्या मागे एसटीडी बूथच्या रांगेत उभी असणार. इकडे काकूंचे कान माझ्याकडे. मी म्हटलं, "त्यांच्याशी मारामारी करू नकोस. खांबामागे गप्प उभा राहा. वाट बघून कंटाळतात आणि निघून जातात." तिकडे तो मोठ्याने हसला. "आई, तू गेम खेळतेस?"

त्या दिवसापासून आमची भाषा ठरली. हिरो म्हणजे तो. मी विचारायचे, हिरोची तब्येत कशी आहे, हिरोला सोबत मिळाली का. तो सांगायचा, हिरोने एक दिवा परत आणला. म्हणजे एक पेपर सुटला. काकूंनी एकदा न राहवून विचारलं, "हा हिरो कोण गं? मुलगा आहे ना? की मुलगी?" मी म्हटलं, "पोस्टात आहे." त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नाही.

दिवाळीला तो चार दिवस आला, त्यातले दोन मित्रांत गेले. जानेवारीत फोन आखूड झाले. दोन रविवार आलेच नाहीत. मी दहाच्या आधीच जिन्यात जाऊन उभी राहायचे, कोणी दिसलं की केर काढल्यासारखं करायचे. तिसऱ्या रविवारी फोन आला. मागे गोंगाट होता. घाईघाईने तो म्हणाला, "आई, एकच लाईफ उरलीय गं. पुढे जाता येईल असं वाटत नाही. बहुतेक सगळं पहिल्यापासून करावं लागणार." मी काही विचारायच्या आत लाईन कट झाली.

एकच लाईफ. मी वर आले ती सुन्न होऊन. पोराला कॉलेज सोडायचंय, नाहीतर त्याहून वाईट काही असेल. नको नको ते विचार मनात आले. आणि खरं सांगायचं तर त्या विचारांच्या खाली कुठेतरी आणखी एक विचार होता, की मग तो घरी येईल. त्याची मला त्या वेळीही लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा कळवली, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला आणि मंगळवारी ठाण्याला खोपटच्या डेपोतून पहाटेची एसटी धरली. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत होते. रागवायचं नाही, रडायचं नाही, फक्त म्हणायचं, चल घरी.

हॉस्टेलच्या व्हरांड्यातच आरडाओरडा ऐकू आला. रखवालदार म्हणाला, "टीव्हीच्या खोलीत बघा." दारातून पाहिलं, तर टीव्हीवर तोच निळा मुखवटा, आणि समोर फरशीवर मांडी घालून माझा मुलगा, हातात रिमोट. तीन पोरं त्याच्या खांद्यांवर पडून ओरडत होती. "उडी मार, उडी मार रे!" त्याने उडी मारली, चुकली, हिरो मेला, आणि चौघंही पोट धरून हसायला लागले. किती दिवसांनी त्याला असं हसताना पाहत होते. तब्येत सुधारली होती.

त्याने मागे वळून पाहिलं. "आई? काय झालं?"

"तूच म्हणालास ना, एकच लाईफ उरलीय."

"अगं, ती यातली! कोल्हापूरचा एक पोरगा हाच गेम घेऊन आला, तेच सांगत होतो तुला." पोरं पुन्हा हसली. एकाने मला नमस्कार केला आणि हळूच डब्याकडे पाहिलं. मी हसले. दुसरं काय करणार? मी लाडू द्यायला आले असं म्हटलं. डोंबिवलीहून दहा तासांवर लाडू द्यायला.

तो मला आपल्या खोलीत घेऊन गेला. पोरंही आली, लाडवांच्या मागोमाग. त्याने मला कॉटवर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. मुलगा मला असा निरखून पाहील असं कधी वाटलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मी बरा आहे. अगदी मजेत आहे. तुला काय झालंय?"

मी हिरोचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तो पुलापाशी अडकलाय, असं काहीतरी. कॉटच्या कडेला तीन परकी मुलं लाडू खात उभी होती, आणि त्यांच्यादेखत माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"करमत नाही रे मला," मी म्हटलं. "घरी एकटीला मुळीच करमत नाही."