वैनी, काढू का कुलूप?

नारायणदादांची आणि माझी ओळख बंद दारासमोर झाली. जुन्या पनवेलमधल्या आमच्या इमारतीत अजून सागवानी दारं आहेत आणि दाराच्या जाडीत बसवलेली लिव्हरची कुलपं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी माझी ब्याऐंशी वर्षांची आई आतून कुलूप लावून खोलीत अडकली. किल्ली अर्धी फिरे आणि थांबे. आईला लागलेली धाप बाहेर ऐकू येत होती. जासईच्या कंटेनर यार्डात काम करणारे शेजारी पहार घेऊन आले. मी चळवळीतला माणूस. "तोडा" म्हणायला मला वेळ लागत नाही.

तेवढ्यात कुणीतरी बोलावलेले नारायणदादा जिना चढून आले.

"दार आत पडंल. वैनी कुठं उभ्या हायेत?"

हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. दादा जमिनीवर बसले आणि त्यांनी किल्लीच्या भोकाशी तोंड नेलं.

"वैनी, मी कुलूपवाला नारायण. तुमी घाबरू नका. जरा बसून घ्या."

"बसते. आमचे चिरंजीव भाषण करतायत का बाहेर?"

"नाय, आज गप हाय."

आई आतून हसली. मग दादांनी तिला तिचं कुलूप समजावून सांगितलं. आत खाच पाडलेल्या पितळी पट्ट्या असतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतो. कमी झालं तरी अडतं, जास्त झालं तरी अडतं. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की कुलपाची चौकटीत शिरणारी जीभ सरकते. इथे पट्ट्या ठीक होत्या. बिजागऱ्या झिजून दार खाली बसलं होतं, म्हणून जीभ चौकटीत दाबली गेली होती.

"मी बाहेरून दार उचलून धरतो. तुमी हळू फिरवा."

तिसऱ्या खेपेला जीभ सरकली. दार आईनेच उघडलं.

बाईमाणसाला स्वतःची जागा हवी, हे मी व्यासपीठावरून मुठी आवळून आयुष्यभर सांगत आलो. त्या दुपारी मात्र मी पहिलं वाक्य बोललो ते असं: "दादा, हे कुलूपच काढून टाका."

दादा आईकडे वळले. "वैनी, काढू?"

"नको," आई म्हणाली. "आत जाऊन दार लावावं अशी एवढी एकच खोली मला आयुष्यात मिळाली आहे."

त्यांनी बिजागऱ्या बदलल्या, कुलूप साफ करून पुन्हा बसवलं, दुसरी किल्ली घडवली आणि तीही आईच्याच हातात दिली. "आतून लावलं की किल्ली काढून ठेवा, म्हंजे बाहेरून दुसरी चालंल. ती कुणाला द्यायची ते तुमी ठरवा."

दादांची ही रीतच आहे. भाडेकरूच्या खोलीची किल्ली बनवून मागणाऱ्या एका घरमालकांना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "खोलीत राहतो त्याला घेऊन या, मग बनवतो." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. दादांना त्याची खंत नव्हती.

दुसरी किल्ली तीन आठवडे आईकडेच होती. मग एका सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने ती माझ्यासमोर ठेवली.

दादांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची नजर, बोटं आणि दुखरे गुडघे त्यांना पुढची पुष्कळ वर्षं साथ देत राहोत. हा लेख वाचून दाखवायला मी आईकडे गेलो, तेव्हा तिचं दार बंद होतं. किल्ली खिशात होती. मी टकटक केली.

"थांब," आई आतून म्हणाली.

मी थांबलो.