सात फुटांची भिंत

भोरच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. वेल्ह्याच्या बाजूला एका लहानशा जहागिरीच्या गावी जहागीरदारांचा राजवाडा होता. तिथे पुण्याहून बडे पाहुणे येणार होते. त्यांच्या हातात ठेवायला वाड्याचा इतिहास आणि बांधणी सांगणारी एक पुस्तिका हवी होती. मला बोलावणं आलं आणि मी हुरळून गेलो.

वाडा पुढून देखणा. जहागीरदारांच्या आजोबांनी मुंबईत कुठलीशी इमारत पाहिली आणि तसलीच इथे उभी करायचं मनावर घेतलं. त्यामुळे खालचा मजला सागाच्या खांबांचा, महिरपींचा, आणि वरचा गोल कमानींचा, रंगीत काचांचा. दोन्हींचं जमत नव्हतं, पण गावाला त्याचं कौतुक होतं. मलाही होतं. तीन दिवस मी टेप घेऊन चौक, दिवाणखाना, देवघर मोजत हिंडलो.

चौथ्या दिवशी नकाशा काढायला बसलो तर हिशेब जुळेना. बाहेरून वाडा जेवढा लांब भरत होता, त्यापेक्षा आतल्या खोल्या आणि भिंती मिळून पाच फूट कमी पडत होत्या. दोनदा मोजलं. मग मागच्या अंगाला गेलो. तिथे घाणेरीच्या झुडपांत कमरेएवढं दार होतं. मी सरपणाची जागा समजत होतो.

दार आतून ढकललं गेलं आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई वाकून बाहेर आली. वास आला तसा मी नाकाला धोतराचा सोगा लावला.

"बाजूला व्हा मास्तर, अंगावर सांडंल," ती म्हणाली.

"हे आत काय आहे?"

"आमची बोळ. वर राणीसायबांचं शेतखानं हायेत. खाली पडतं त्ये आमी भरून न्यायचं."

"मग चौकातून का नाही येत?"

तिने डोक्यावरची पाटी सावरली. "आमी कुनाला दिसू न्हाई म्हून तर बांधलीय. माझी सासू ह्यातनंच जायची. तुमी मोजताय न्हवं? ही बी मोजा की."

मी आत शिरलो. तीन फूट रुंद, उंची एवढी कमी की मान वर करता येईना. झरोका एकही नाही. भिंतींना ओल, आणि पायाखाली जे होतं ते सांगत नाही. दहा पावलांवर मला ओकारी आली. भिंतीला हात टेकला तर हातही भरला. दोन माणसांच्या जाडीएवढ्या अंतरावर, भिंतीपलीकडे, काल मला केशरी दूध दिलं होतं.

बाहेर आलो तेव्हा ती हसली नाही. तिने झुडपामागच्या मडक्यातलं पाणी वरून, लांबून, माझ्या हातावर ओतलं.

मी बोळ नकाशात काढली. नीट, मापासकट. बोळ तीन फूट, तिच्या बाहेरची भिंत दोन; पाच फुटांचा हिशेब जुळला. संध्याकाळी कारभाऱ्यांनी कागद पाहिला.

"मास्तर, हे काय?"

"मागची बोळ. मैल्याची."

"हे पाहुण्यांना दाखवायचं? जेवायला बसवायचंय त्यांना."

"पण मग पाच फूट कुठे दाखवू?"

"भिंत जाड दाखवा," ते म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

मी रबर घेतलं. कुणी जबरदस्ती केली नाही, नोकरी जाईल असं कुणी म्हणालं नाही. दोन-दोन फुटांच्या दोन्ही भिंती आणि मधली बोळ एकत्र करून मी एकच सात फुटांची भिंत काढली आणि खाली लिहिलं, 'पूर्वजांच्या दूरदृष्टीची साक्ष देणारी अभेद्य भिंत'. हे शब्द कुणी सांगितले नव्हते, माझेच होते. पाहुण्यांनी तीच ओळ मोठ्याने वाचून मान डोलावली. मला शालजोडी मिळाली. तिची मला एवढी शिसारी बसली की ती मी कधी अंगावर घेतली नाही. टाकूनही दिली नाही, हेही खरं.

संस्थानं विलीन झाल्यावर वाड्यात सरकारी धान्याचं गोदाम आलं. मागचं ठेंगणं दार तोवर बुजवलेलं होतं; पोती न्यायला मागून मोठं दार हवं म्हणून भिंत फोडली, तर आत पोकळी लागली. गावभर झालं की तोरण्याला जाणारी गुप्त वाट सापडली. मी मुद्दाम गेलो. बोळीच्या तोंडाशी हळदकुंकू, फुलं, फोडलेला नारळ. चपला बाहेर काढून लोक आत डोकावत होते. गोदामाचा कारकून सांगत होता, "शत्रू आला की राणीसाहेब हितनं निसटायच्या."

"ही मैला वाहायची बोळ आहे," मी म्हणालो.

डोकावणारे माझ्याकडे वळले. मग एक बाई चिडून म्हणाली, "देवाच्या ठिकाणी असलं बोलावं व्हय?"

कारकुनाने माझीच पुस्तिका पुढे केली. "छापलंय बघा. भिंत म्हटलंय. मैल्याची बोळ असती तर लिहिलं नसतं का?"

"मीच लिहिलंय ते. काढली होती, मग पुसली."

त्याने मला खालीवर न्याहाळलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मी त्या पाटीवाल्या बाईची चौकशी केली. घर वस्तीच्या टोकाला होतं, दाराला कडी. शेजारी म्हणाले, ती पुण्याला मुलाकडे गेली. तिथे काय करते विचारलं, तर म्हणाले, "दुसरं काय करनार? त्येच."