सुकलालची गाठ

केळीच्या झाडांना टेके बांधण्यात डोईफोडिया गावच्या सुकलालची हयात गेली. दारूबंदीत रंभाबाईच्या घरझडतीला तो पंच होता. सापडलेल्या बाटलीचं तोंड त्यानंच सोपटाच्या, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीच्या, दोरीनं बांधलं होतं. "बैलाचं औषध आहे," ती रडत होती.

बुऱ्हाणपूरच्या भरल्या कोर्टात जमादारानं दारूची बाटली पुढे केली. "हीच ना रे?"

सुकलालनं ती ऐटीत फिरवली. "साहेब, ही गाठ माझी नाही. ही तर पायजम्याच्या नाडीची!"

कोर्ट खदखदलं. न्यायाधीशांनी सोपट मागवलं. सुकलालनं बांधलेली गाठ जमादाराला घामाघूम होऊनही सुटेना. बाटलीवरची गाठ तसली नव्हतीच. ती बाटली रंभाबाईच्या घरातली, हे शाबीत झालं नाही. रंभाबाई निर्दोष सुटली.

बाहेर ती पाया पडायला वाकली. सुकलाल ताठ मानेनं म्हणाला, "माय, मी फक्त माझी गाठ ओळखली."