मोटार बंद केली नाही

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. नाशकात तांब्यापितळेच्या भांड्यांना पॉलिश करण्याचा माझा छोटा कारखाना होता. विजेची मोटार नुकतीच आणलेली, आणि तिचा मला फार ताठा होता. शेजारी एक निवृत्त मास्तर एकटेच राहत. मुंबईला दिलेली त्यांची मुलगी रेडिओवर गाणार, म्हणून त्यांनी रेडिओ घेतला.

पण संध्याकाळी रेडिओ लावला की नुसती खरखर. विजेतलं मला कळतं, अशा समजुतीनं ते माझ्याकडे आले. मीही रुबाबात सांगितलं, "रेडिओची जमिनीत पुरलेली तार कोरडी पडली असेल. तिथं रोज पाणी घाला." ते रोज घालू लागले.

पंधरा दिवसांनी माझी मोटार बघायला वायरमन आला आणि हसायलाच लागला. "शेठ, तुमची मोटार मास्तरांच्या रेडिओत गातेय की! आतले कार्बन झिजलेत. या ठिणग्या उडतात ना, त्यांचीच ती खरखर. नवे कार्बन घाला, खरखर दाबायला एक कंडेन्सर जोडा, दोघंही सुखी."

"बघू," मी म्हणालो. मास्तरांना सांगितलं नाही. पंधरा दिवस त्यांना पाणी घालायला लावून आता कुठल्या तोंडानं सांगणार?

गाण्याच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले. "आज दोन बादल्या ओतल्यात हो!" मला मोटार थांबवायला सांगावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

सहा वाजले, गाणं सुरू व्हायची वेळ झाली. माझा हात खटक्यावर होता. मोटार थांबली असती तर त्याच क्षणी खरखर थांबली असती, आणि मास्तरांना सगळं कळलं असतं. मी हात काढून घेतला आणि दुसरं भांडं उचललं. काम तातडीचं नव्हतं. पुढे चार दिवसांत मी मोटार दुरुस्त केली. पण ती मुलगी पुन्हा रेडिओवर गायली नाही.

गाणं झालं त्याच संध्याकाळी मास्तर माझ्या दारात आले. "आवाज तिचाच होता, एवढं कळलं. पण काय गायली? पत्रात लिहायला हवं. बापानं ऐकलं नाही म्हटलं तर रडेल पोरगी."

मेनरोडवरच्या एका दुकानात रेडिओ होता. तिथं विचारून मी गाणी सांगितली. मास्तरांनी दोनदा माझे उपकार मानले आणि माझ्यासमोरच पत्र लिहिलं. प्रत्येक सूर स्पष्ट ऐकू आला, असं. मग वाचून दाखवत त्यांनी मलाच विचारलं, "एवढं खोटं चालेल ना हो?"

"चालेल," मी म्हणालो.