नानांची दाढ आणि रुईचा चीक

सावद्यात कुणाची दाढ ठणकली की पाय आपोआप जीवराम नानांच्या ओट्याकडे वळायचे. नानांचा इलाज एकच. बांधावरच्या रुईचा चीक कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा, किडक्या दाढेत दाबायचा आणि समोरच्याला खुशाल बोंबलू द्यायचं. काही दिवसांत ठणका बंद. दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली, हे नानांचं शास्त्र. आणि ज्याचा ठणका थांबलाय तो कशाला वाद घालतो?

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात खुद्द नानांचीच दाढ उठली. आधी गार पाणी झोंबू लागलं, मग गरम चहाचा घोट घेतला तरी कळ बराच वेळ हटेना. नानांनी आरशासमोर बसून स्वतःलाच चीक भरला. ठणका थांबला. गावभर सांगूनही झालं. पण पोळ्याच्या सुमारास हिरडीवर फोड आला, तोंडाला घाण चव येऊ लागली, आणि एका सकाळी गाल असा फुगला की जणू आत लिंबू दडवलंय.

नानांना दाढेपेक्षा नावाची काळजी. जळगावला जावं तर केळीचे व्यापारी सगळे ओळखीचे. म्हणून पुतणीकडे जातो असं सांगत, उपरण्यात तोंड गुंडाळून स्वारी एसटीनं धुळ्याला निघाली आणि देवपुरातल्या दाताच्या डॉक्टरकडे पोचली. बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती धुरपदाबाई. त्यांच्याच गल्लीतली, नानांच्या गुणाचा डांगोरा पिटणारी.

"नाना, पुतणी इथंच राह्यते का?"

"तू कोनाकडे आली?"

"मी बी तुमच्या पुतणीकडेच."

डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, की दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. म्हणून दुखणं थांबलं. मेलेलं आत कुजलं, पू मुळाच्या टोकाशी साठला. आता दाढ काढायची, नाहीतर रूट कॅनॉल. नाना दचकले. दाढ काढली तर रिकामी जागा साऱ्या गावाला दिसणार. पण मूळ अजून घट्ट होतं, त्यामुळे वाचवता येत होती. दाढ बधिर करून वरून भोक पाडायचं, मुळातल्या बारीक नळ्या सुईसारख्या कानशींनी साफ करायच्या, औषध भरून त्या बुजवायच्या, आणि शेवटी वर टोपी बसवायची. तीन-चार खेपा होतील.

मग डॉक्टरांना हिरडीवर चिकानं भाजल्याचा जुना डाग दिसला.

"हा चीक कुणी भरला?"

बाकावरचा पदर खाली आला. नाना छताकडे पाहत म्हणाले, "आमच्या गावात एक मानूस हाये. अडानी हाये."

"त्याला सांगा, हे बंद कर म्हणून."

"मानी हाये तो. ऐकाचा नही."

"ऐकीन तो," धुरपदाबाई शांतपणे म्हणाली. "नही ऐकला, तर मी साऱ्या गावाले त्याची पुतणी कुठं राह्यते ते सांगीन."

नाना मुकाट्यानं खुर्चीत टेकले आणि त्यांनी आ वासला.

त्यानंतर ओट्यावर कुणी गाल धरून आलं, की नाना गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, यंदा रुईत पहिल्यासारखा गुण राहिला नाही, दवाखाना गाठलेला बरा. पुढच्या वर्षीही रुईत गुण आला नाही. दोष पावसाला दिला गेला.