माझ्यासाठी ठरवलेली मॅन्युअल गाडी

मोटरहोमच्या मागे बांधून न्यायची गाडी खास माझ्यासाठी घ्यायची, असं माझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं होतं. मी मागितली नव्हती. मी तर त्या बेतालाच तयार नव्हते.

बेत असा होता. नवरा नोकरीतून मोकळा झाला की आम्ही सहा महिने ऑस्ट्रेलियात मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, फिरायचं. त्याचा कॉलेजातला मित्र ब्रिस्बेनजवळ राहतो. त्याच्याकडे मोठं मोटरहोम आहे आणि ते सहा महिने तो स्वतः पुण्याला आईवडिलांकडे राहणार होता. म्हणाला, घेऊन जा, नाहीतर नुसतं उभं राहील. नवऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. तो रोज रात्री जेवताना मला किनाऱ्याचे फोटो दाखवायचा.

मी सिंगापूरमध्ये यिशुनला चौदाव्या मजल्यावर राहते. खाली उतरलं की बस आहे, दहा मिनिटांवर एमआरटी, म्हणजे मेट्रो, आहे, भाजी आहे, दवाखाना आहे. आम्ही इथे कधी गाडी घेतली नाही. सिंगापूरमध्ये गाडी ठेवायचा परवानाच इतका महाग असतो की आमच्यासारखे लोक तो विचारच करत नाहीत, आणि मला कधी गरजही वाटली नाही. मला जिथे जायचं असतं तिथे मी कोणाला न विचारता जाते. म्हणून मी त्याला म्हटलं, "त्या डब्यात सहा महिने मी काय करू? एकदा तू ते रानात नेऊन लावलंस की मी अडकले."

तेव्हा त्याने ती गाडी काढली. म्हणजे बोलण्यात.

"अगं, म्हणून तर मागे गाडी न्यायची," तो म्हणाला. "मोटरहोम एकदा कॅम्पवर लावलं, वीज-पाणी जोडलं, की ते हलवणं म्हणजे घर हलवणं. दुधाच्या पिशवीसाठी कोण हलवणार? गाडी मागे असली की ती सोडवायची आणि निघायचं. तू सकाळी उठून गावात जा, लायब्ररीत बस, समुद्रावर जा. मी झोपलेलाच असेन."

ट्रेलरवर चढवायची भानगडही नव्हती. गाडीची चारही चाकं रस्त्यावरच राहतात, पुढून एक लोखंडी दांडा मोटरहोमला जोडायचा आणि ती रिकामी गाडी मागे मागे येते. मला ते पटलं. मी ऑफिसात बिनपगारी रजेचा अर्ज केला. मी अकाउंट्समध्ये आहे. वर्षअखेरीच्या आधी सहा महिने मागणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी ती रजा मिळवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही मलेशियात कॅमेरन हायलंड्सला गेलो होतो, भाड्याची गाडी घेऊन. तिथे डोंगरावरच्या गेस्ट हाऊसमध्ये नवऱ्याला मूतखड्याची कळ आली. तो जमिनीवर पडून तळमळत होता. गाडी दारात, किल्ली माझ्या हातात, आणि मला गाडी येत नव्हती. मालकीणबाईचा जावई चहाच्या मळ्यातून परत येईपर्यंत मी त्या गाडीशेजारी उभी होते. नवऱ्याचं ओरडणं बाहेर ऐकू येत होतं. सिंगापूरला परतल्यावर मी ड्रायव्हिंग सेंटरमध्ये नाव घातलं. वय झालेलं, शिट्ट्या मारल्यासारखं इंग्रजी बोलणारे मास्तर, दोनदा नापास झाले, रडले, पण लायसन्स काढलं. मॅन्युअल शिकू की ऑटोमॅटिक, असं मी तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "ऑटोच शीक. आता गिअर कोण टाकतं?" मी ऑटो शिकले. माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आहे. त्याचं भारतातलं होतं, त्यामुळे त्याला दोन्ही चालतात.

तर एका संध्याकाळी मी कुकर लावत होते आणि तो टेबलावर मित्राशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. आवाज मोठा ठेवायची त्याची सवय आहे.

"मिळाली रे," मित्र सांगत होता. "आमच्या शेजाऱ्याचीच आहे. छोटीशी, हलकी. पुढे दांड्याचे ब्रॅकेट आधीच बसवलेले आहेत. आणि मॅन्युअल, त्यामुळे न्यूट्रलला टाकायची आणि ओढायची, डोक्याला ताप नाही."

"करून टाक मग फायनल," नवरा म्हणाला.

मी गॅस बारीक केला आणि बाहेर आले. "मॅन्युअल?"

"हो. ऑटोमॅटिक तशी ओढता येत नाही," त्याने मला समजावलं. "इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधलं तेल फिरत नाही. चाकं फिरतात आणि आतलं सगळं जळून जातं."

"पण मला मॅन्युअल चालवता येत नाही. लायसन्सच नाही."

त्याला आठवलं नव्हतं असं नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो म्हणाला, "तुला कुठे चालवायची आहे? मी आहे ना."

पडद्यावरून मित्र हसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाजूला बसून मस्त फोटो काढा!"

मी आत गेले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, भाताचा लगदा झाला. तोच वाढला. त्यानेही मुकाट्याने खाल्ला.

रविवारी आम्ही मुलीला भेटायला क्लेमेंटीला गेलो. ती तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, हॉस्टेलवर राहते, आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवतो. मला वाटलं होतं निदान ही तरी माझ्या बाजूने बोलेल. तिने सगळं ऐकून घेतलं, नूडल्स संपवल्या आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट लर्न मॅन्युअल ला. सो मेनी पीपल कॅन."

"बघ," नवरा म्हणाला. "अजून वेळ आहे. परीक्षा देऊन टाक."

किती सोपं होतं दोघांना! गाडी त्याने निवडायची, आणि ती मला चालवता यावी म्हणून परीक्षा मी द्यायची. पण मी मुलीसमोर तमाशा करणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मनात आलं, होऊन जाऊ दे, शिकून दाखवू. मी पुन्हा ड्रायव्हिंग सेंटरला गेले.

मास्तर या वेळी एक चिनी काका होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आंटी, मॅन्युअल फॉर व्हॉट? नाऊ एव्हरीबडी ऑटो."

"माझ्या नवऱ्याने गाडी घेतली आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

"अँड यू मस्ट लर्न?" ते हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण मला ते लागलं.

चढावर गाडी थांबवायची, मग क्लच हळूहळू सोडत वर न्यायची. गाडी बंद पडायची, मागे घसरायची, मास्तर ब्रेक मारायचे. डावा गुडघा दुखायला लागला. मग केव्हातरी ते जमलं. गाडी न थरथरता वर गेली. मास्तर म्हणाले, "गुड, गुड." आणि नेमकी त्याच वेळी मला अशी काही चीड आली की मी चढाच्या माथ्यावर गाडी थांबवून स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मला जमत होतं. आणखी चार तास केले असते तर परीक्षाही दिली असती. पण घरी जाऊन मी "जमलं हं" म्हणणार, आणि तो "बघ, म्हटलं होतं ना" म्हणणार, हे मला समोर दिसत होतं. त्याला एकही प्रश्न न पडता हे सगळं सुरळीत होणार होतं. मी उरलेला तास पूर्ण केला, मास्तरांचे आभार मानले आणि पुढचा तास घेतला नाही.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. सांगितलेलं खरं धरून चालायची मला सवय नाही, घरात मात्र का कोण जाणे ती लागली होती. गाड्यांच्या पुस्तिका वाचत बसले. प्रत्येक पुस्तिकेत गाडी ओढण्याबद्दल एक भाग असतो. बहुतेक ऑटोमॅटिकना मनाई असते, ते त्याचं खरं होतं. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या काही गाड्या अशा असतात की त्यांत गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामध्ये आणखी एक पेटी असते, आणि ती न्यूट्रलला टाकली की गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच उरत नाही. चाकं खुशाल फिरू देत. तशा ऑटोमॅटिक गाड्या लोक सर्रास मागे बांधून नेतात. जरा जड असतात. मोटरहोमला किती वजन ओढता येतं तेही पाहिलं. बसत होतं.

नवरा घरी आल्यावर मी त्याला लॅपटॉपचा पडदा दाखवला.

"हो, असतात तशा," तो बूट काढत म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"मित्राने सांगितलं होतं. पण त्या जड पडतात, पेट्रोल जास्त खातात, मग ब्रॅकेट वेगळे बसवून घ्यावे लागतात. ही आयती मिळत होती."

"मग मला का सांगितलंस की ऑटोमॅटिक ओढताच येत नाही?"

"तपशिलात कशाला जायचं म्हणून."

माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. खिडक्या उघड्या होत्या, समोरच्या ब्लॉकमध्येही ऐकू गेलं असेल. "तपशील?" मी म्हटलं. "गाडी कोणासाठी होती? तुझ्या तोंडचे शब्द आहेत, तू गावात जा, समुद्रावर जा! मी रजा घेतली त्या शब्दांवर. आणि तिथे तुला पुन्हा कळ आली तर? मी पुन्हा किल्ली धरून दारात उभी राहू? तेव्हा ओरडत तूच होतास!"

"एवढं काय त्यात..."

"आणि ऑटो शीक म्हणून मला कोणी सांगितलं होतं?"

चूक झाली असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "ब्रॅकेट बसवायला तिकडे फार वेळ लागतो."

"मग तू जा," मी म्हटलं. "तुला आवडेल ती गाडी बांध आणि जा. मी रजा रद्द करते."

मी खरंच मेल लिहायला बसले. पाठवला नाही, पण अर्धा लिहून ठेवला, आणि त्याला दिसेल असा उघडा ठेवला. पुढचे काही दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तो खालून डबा आणायचा आणि टीव्हीसमोर खायचा.

मग मित्राने थेट मला फोन केला. "वहिनी, अहो, एका गाडीवरून ट्रिप मोडणार का? ही छोटी गाडी छान आहे हो."

"भावजी," मी म्हटलं, "गाडी छानच असेल. ती चालवणार कोण, हे तुम्हा दोघांपैकी एकाने तरी मला विचारलं का? तुम्ही मला फोटो काढायला सांगितलंत."

ते म्हणाले, "गंमत केली हो."

"मला नाही आली गंमत."

शेवटी ते म्हणाले, "बरं. तुम्हाला कोणती हवी आहे ते पाठवा. मी जाऊन बघून येतो." इतकं साधं वाक्य बोलायला एवढं रामायण व्हावं लागलं. मी तीन गाड्या निवडून पाठवल्या. एकीची खालची पेटी गळत होती, एक विकली गेली. तिसरी, जुनी, हिरवी, त्यांनी चालवून पाहिली, गॅरेजवाल्याकडून तपासून घेतली आणि तीच ठरली. ब्रॅकेट बसवायला वेळ लागला, निघायची तारीख पुढे ढकलावी लागली. नवऱ्याने ते मला दोनदा ऐकवलं. मी दोन्हीदा म्हटलं, "पहिल्यापासून विचारलं असतंस तर नसती ढकलावी लागली."

हे इथेच संपलं असतं. पण मागच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका जोडप्याकडे, त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर, मराठी मंडळी जेवायला जमली होती. लिटिल इंडियातून आणलेलं श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या, आणि सगळे नवऱ्याला ऑस्ट्रेलियाबद्दल विचारत होते. तो रंगात आला होता. दांडा कसा जोडतात, दिव्यांची वायर कशी नेतात, सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "हिला मॅन्युअल येत नाही ना, म्हणून मी मुद्दाम शोधून शोधून ऑटोमॅटिक घेतली."

बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. यजमानीण म्हणाली, "नशीबवान आहेस गं."

मी पुरी ताटात ठेवली. "त्याने शोधली नाही," मी म्हटलं. "त्याने मॅन्युअल ठरवली होती, आणि ऑटोमॅटिक ओढताच येत नाही असं मला सांगितलं होतं. ही मी शोधली."

कोणीतरी "श्रीखंड घ्या अजून" म्हणालं. नवरा श्रीखंडाच्या भांड्याकडे बघत राहिला.

परतताना एमआरटीत आम्ही शेजारी बसलो होतो. बऱ्याच स्टेशनांनंतर तो हळूच म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती."

"तूही सगळ्यांसमोरच बोललास."

"चुकलं," तो म्हणाला. गाडीबद्दल की जेवणावळीतल्या थापेबद्दल, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मला तेव्हा त्याची समजूत काढायची अजिबात इच्छा नव्हती. आजही माझा राग पुरता गेलेला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय. दांडा जोडण्यापासून ती पेटी न्यूट्रलला टाकण्यापर्यंत सगळं मला स्वतःच्या हाताने करून बघायचं आहे, आणि पहिल्या कॅम्पवर गाडी सोडवली की पहिली मी चालवणार आहे, हे मी त्याला आणि भावजींना, दोघांनाही कळवून ठेवलं आहे.